वाघमारे गार्ड आणि गिटारीचा जोडीदार

वाघमारे गार्ड आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायला आले, त्याच संध्याकाळी आमच्या सबंध ओळीची वीज गेली. थोड्या वेळाने दारात एक कंदील आला. कंदिलामागे पांढरा गणवेश होता आणि गणवेशाच्या वर भरघोस मिशा.

"आम्ही वाघमारे. गुड्स गार्ड," मिशांतून आवाज आला. "फ्यूज आमच्यामुळं उडाला. ओळख व्हावी म्हणून न्हाई हां, चुकून उडाला."

त्यांच्यामागे एक उंच, सावळी बाई पदर तोंडाला लावून हसत उभी होती. हातातल्या ताटलीत शेंगदाण्याचे लाडू होते.

"घ्या," ती म्हणाली. "ह्यो फ्यूज आता वरचेवर उडंल. लाडू मातर दर खेपंला मिळायचे न्हाईत."

ही सुलोचनाबाई. दौंडच्या रेल्वे कॉलनीत पुढे सात-आठ वर्षं या जोडप्याचा शेजार मला लाभला. सत्तर सालानंतरची ही गोष्ट. माझे यजमान रेल्वेच्या ऑफिसात होते आणि मी गावातल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. वाघमारे मला पहिल्या दिवसापासून 'मास्तरीणबाई' म्हणत आणि त्या हाकेत एवढा आदर असे, की मला आपण मॅट्रिकच्या मुलांना शिकवतो की काय, असं वाटायला लागे. शिकवत होते मी पहिलीला.

फ्यूज उडायचं कारण दुसऱ्या दिवशी समजलं. त्यांच्या बाहेरच्या खोलीत कॉटवर एक लाल रंगाची गिटार वाकळ पांघरून झोपवली होती. कॉलनीच्या पलीकडच्या बंगल्यांत तेव्हा काही अँग्लो-इंडियन कुटुंबं राहत. त्यातले बॉबसाहेब म्हणून एक मेलड्रायव्हर नाताळच्या नाचाला गिटार वाजवायचे. वाघमारे अगदी तरुणपणी, साधे पोर्टर असताना, त्या नाचघराच्या खिडकीखाली उभे राहून ऐकायचे. एकदा बॉबसाहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि मग कित्येक वर्षं शिकवलं. बॉबसाहेबांचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं तेव्हा त्यांनी ती गिटार वाघमाऱ्यांच्या हातात ठेवली. पण विजेच्या गिटारीला स्वतःचं पोट नसतं. तिचा आवाज मोठा करणारं एक यंत्र लागतं आणि त्याला चांगला स्पीकर लागतो. बॉबसाहेबांचं ते यंत्र त्याआधीच पुण्याच्या एका हॉटेलातल्या बँडने विकत नेलं होतं.

"ही निम्मीच हाय बगा, मास्तरीणबाई," वाघमारे म्हणाले आणि त्यांनी तारेवर बोट फिरवलं. कानाशी डास आल्यासारखा आवाज झाला. "हिचं निम्मं कुठंतरी पडलंय. ते हुडकायचं."

हे हुडकणं म्हणजे वाघमारे. त्यांना विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. पुस्तक वाचावं, कुणाला विचारावं असं त्यांच्या मनात येत नसे. ही वायर त्याला लाव, ती ह्याला लाव, आणि ऐक, एवढीच त्यांची पद्धत. शॉक बसला की हात झटकून आनंदाने म्हणत, "ह्यो चालू हाय!" ड्यूटीवरून आले की हिरवं-तांबडं निशाण कोपऱ्यात उभं करायचं, वरचा कोट खुंटीला लावायचा, आणि चहाच्या आधी गिटार मांडीवर. पांढरी पँट, वर बनियन, गळ्यात शिट्टी तशीच. कधी कधी वाजवता वाजवता तोंडात चुकून शिट्टी जाई आणि सगळी कॉलनी दचके.

आवाजाला नाव ठेवायची त्यांची भाषा स्वयंपाकघरातली होती. एखादा आवाज 'कच्चा' असे. एखादा 'करपलेला'. एखाद्यात 'पाणी जास्त झालं' असे. सगळं जमूनही मन भरलं नाही तर म्हणत, "मीठच पडलं न्हाई." सुलोचनाबाई आतून ओरडत, "आन् माझ्या आमटीला कवा एवढं चाखून खाल्लं न्हाई ते!"

आणि ऐकायला त्यांना माणसं लागत. जवळून ऐकलेला आवाज खोटा, लांबून ऐकलेला खरा, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे संध्याकाळी आमच्या ओळीतली मोठमोठी माणसं वेगवेगळ्या जागी पाठवली जात. एकाने नळापाशी उभं राहायचं, एकाने चिंचेखाली. माझे यजमान घरात बोलताना फार शिस्तीचे गृहस्थ, पण वाघमाऱ्यांनी एकदा म्हटलं, "साहेब, जरा पाण्याच्या टाकीपर्यंत जाता का? आवाज पोचला का हात वर करा," आणि हे पायजम्यावर टाकीपाशी जाऊन हात वर करून उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्यांना काय वाटलं असेल ते असो.

त्यांच्याकडे एक जुना, लाकडी, मोठा रेडिओ होता. आत काचेचे व्हॉल्व्ह, लावल्यावर तापायला वेळ लागायचा. त्याच्या मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं होती. वाघमाऱ्यांनी गिटारीच्या वायरची टोकं सोलून त्या भोकांत घातली आणि काड्यापेटीच्या काड्या खोचून घट्ट बसवली. पहिल्या दिवशीचा फ्यूज तो याच खटपटीत. पण जोडणी एकदा जमल्यावर रेडिओतून जो आवाज आला, तो मी अजून विसरलेले नाही. मऊ, जाडसर, गोड. दुधावरची साय बोटाने सारावी तसा.

"शिजलंय," वाघमारे डोळे मिटून म्हणाले. "पर चार माणसांपुरतंच शिजलंय."

खरंच होतं. तो आवाज ओट्याच्या पुढे जात नव्हता. पण ओट्यावरच्या आम्हा चौघांना तो पुरत होता. सुलोचनाबाई सुपात ज्वारी निवडत बसायच्या आणि निवडता निवडता गायला लागायच्या. त्यांचा आवाज खालच्या पट्टीतला, थोडा घोगरा. बायकांचं गाणं म्हटलं की जो उंच, बारीक गळा आपल्याला आठवतो, त्याच्या अगदी उलट. ऐकताना वाटे, ही बाई आपल्या एकटीशीच बोलते आहे.

वाघमाऱ्यांची भीमगीतांची पार्टी होती. सुलोचनाबाई गायच्या, बबन नावाचा शंटिंगमधला तरुण ढोलकी वाजवायचा, मागे कोरसला चार-पाच जण. गाणी त्यांची त्यांनीच जुळवलेली. एकदा निवेदन करणारा माणूस आजारी पडला म्हणून वाघमारे माझ्याकडे आले. "तुम्ही फकस्त सांगायचं, आता कोण गाणार आन् काय गाणार." मी गेले, आणि मग जातच राहिले. कॉलनीतल्या काहींनी नाकं मुरडली. माझ्या यजमानांनी त्यांना एका वाक्यात उत्तर दिलं: "मी टाकीपाशी जातो, ही स्टेजवर जाते. प्रत्येकाची ड्यूटी असते."

पार्टीचा कार्यक्रम मात्र घरातल्या ओट्यासारखा होईना. गावोगावी लाउडस्पीकर म्हणजे पत्र्याचे भोंगे. झाडावर, विजेच्या खांबावर बांधलेले. रेडिओ घरी ठेवून वाघमारे गिटार थेट त्या भोंग्यांच्या मशीनला जोडायचे आणि त्यातून गिटार अशी निघायची, की पत्र्यावर खिळा ओढावा. सुलोचनाबाईंचा माईकही त्याच मशीनला. वरून गिटार किंचाळते आहे, खाली त्यांचा आवाज चेंगरतो आहे. पाटसच्या बाजूला एका वस्तीवर कार्यक्रम झाला तेव्हा पुढच्या रांगेतली एक म्हातारी कार्यक्रम संपल्यावर स्टेजजवळ आली. तिने सुलोचनाबाईंचा हात हातात घेतला आणि अगदी मायेने विचारलं, "लेकी, तोंड तर हालताना दिसत व्हतं. गात व्हतीस का गं?"

आम्ही ट्रकने परत निघालो. दौंड जवळ आलं तेव्हा सुलोचनाबाई म्हणाल्या, "मी आता कोरसला बसते. टाळ्या वाजवीन. गायला दुसरं कुनी बगा."

"अगं, काय बोलतीस सुलू?" वाघमारे दचकले.

"मला भांडायला गळा दिला न्हाई," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

आणि त्या खरंच कोरसला बसल्या. मुख्य गाणी बबन ओरडून म्हणू लागला. ढोलकीवाल्याने गायचं म्हणजे काय होतं ते ज्याने ऐकलं त्यालाच कळेल. घरीसुद्धा ज्वारी मुकाट्याने निवडली जाऊ लागली. वाघमारे त्या दिवसापासून गंभीर झाले. म्हणजे फ्यूज पूर्वीपेक्षा जास्त उडू लागले.

शिरूरला माझं माहेर. तिथे पेठेत हसनभाईंचं मांडव आणि लाउडस्पीकरचं दुकान होतं. वाघमारे विश्रांतीच्या दिवशी गिटार वाकळीत गुंडाळून एसटीने शिरूरला जाऊ लागले. मीही माहेरी जाणार असले की बरोबर असे. अशाच एका खेपेला मी त्यांना सरळ विचारलं, "वाघमारेदादा, बाईंचा आवाज गिटारीमुळे दबतो ना? मग गिटारच नको वाजवू या."

त्यांनी मांडीवरच्या गिटारीची वाकळ सारखी केली. मग म्हणाले, "लगीन झालं तवा ही जात्यावर गायची. मला वाटायचं हिच्याबरूबर काय तरी वाजवावं. बाजाची पेटी आणली. ती हिच्या डोक्यावरनं वरडायची. बुलबुलतरंग आणलं, ते तर चिमनीवानी. मग बॉबसाहेबानं एक दिवस ह्या गिटारीची जाड तार वाजवून दाखवली. मास्तरीणबाई, ती तार हिच्या गळ्याच्या खाली जाऊन बसली, जशी पायाखाली चप्पल. मी गिटार शिकलो ती तिच्यासाठी. तीच नसंल तर मी काय इंजनाला ऐकवू?"

"त्यांना हे सांगितलंय कधी?"

"ह्या गोष्टी सांगायच्या आसत्यात व्हय?" ते एवढे लाजले, की मिशांच्या आडसुद्धा ते मला दिसलं.

हसनभाई म्हणजे पोटाने मोठे आणि मनाने त्याहून मोठे. दुकानातला प्रत्येक स्पीकर प्रत्येक मशीनला जोडून बघायची वाघमाऱ्यांना मुभा होती. हसनभाई फक्त मध्येमध्ये कपाळाला हात लावत. "गार्डसाब, भोंगा तो भोंगा असतो. त्याच्यातून कोकिळा कशी निकलेल?"

"भोंगा नको तर मग आतला नुसता स्पीकर काढा. त्याला खोकं करू," वाघमारे म्हणत.

मग खोक्यांची परीक्षा सुरू झाली. चहाच्या पेटीत स्पीकर ठेवला, आवाज कच्चा. बाभळीच्या फळ्यांच्या पेटीत ठेवला, आवाज करपला. एकदा हसनभाईंच्या परसातल्या रिकाम्या रांजणात स्पीकर सोडला. गिटार वाजवली तर वाटलं, कुणीतरी आडात पडलंय आणि मदतीला बोलावतंय. रस्त्यावरून जाणारे दोन हमाल खरंच दोर घेऊन धावत आले. त्यांना वस्तुस्थिती समजल्यावर ते तिथेच बसले आणि त्यांनीही आपली मतं दिली. मार्केट यार्डातल्या माणसाला तागडीचा काटा कळतो, तसा आवाजाचाही कळतो, असं त्यांचं म्हणणं. त्यातल्या एकाने रांजणाला साफ नापास केलं. वाघमाऱ्यांना तो निकाल मान्य झाला.

मग त्यांना युक्ती सुचली, की घरचा रेडिओच कार्यक्रमाला न्यायचा. गिटार रेडिओत, आणि रेडिओतून एक वायर काढून भोंग्यांच्या मशीनला. कासुर्डीच्या पुढे एका गावात समाजमंदिराचं उद्घाटन होतं, तिथे हा प्रयोग झाला. मोठे पाहुणे आले होते, ऊसवाले बागायतदार, तालुक्यातले वजनदार गृहस्थ. आमची दोन गाणी झाली. आवाज ठीक होता. वाघमाऱ्यांच्या भाषेत, पाणी जास्त होतं. मग पाहुणे भाषणाला उभे राहिले. "शेतकऱ्यांच्या मालाला," ते हात उंचावून म्हणाले, "योग्य भाव मिळालाच पाहिजे!" आणि बबनचा गुडघा स्टेजवरच्या रेडिओच्या बटणाला लागला.

चारी भोंग्यांतून, सगळ्या गावावर, आकाशवाणीचा शांत, स्वच्छ आवाज घुमला: "आता ऐका शेतीमालाचे बाजारभाव."

क्षणभर कुणाला काही कळेना. पाहुणे हात वर ठेवून वरच्या भोंग्याकडे बघत राहिले. आकाशवाणीने कांद्यापासून सुरुवात केली. वाघमारे रेडिओवर झेपावले, पण गडबडीत त्यांनी बटण उलटं पिळलं आणि कांद्याचा भाव दुप्पट मोठ्याने ऐकू आला. मांडव हसून हसून आडवा झाला. मला मात्र धडकी भरली होती. आता हे पाहुणे संतापले तर? पण ते गृहस्थ खुर्चीवर बसले, डोळे पुसले आणि माईकमध्ये म्हणाले, "मी बोलतोय ती आशा हाय. त्यो बोलतोय ते खरं हाय. आता माझं भाषान ऱ्हाऊ द्या, गाणं म्हना."

सगळे हसत होते. सुलोचनाबाईसुद्धा कोरसमध्ये तोंडात पदर कोंबून हसत होत्या. फक्त वाघमारे घामाघूम होऊन रेडिओला टेकून बसले होते. त्या दिवशी घरी जाताना ते प्रथमच म्हणाले, "जमंल असं वाटत न्हाई."

त्यानंतर काही आठवड्यांनी शिरूरजवळच्या एका यात्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागला. माझ्या माहेरच्या मंडळींनी वाघमारे पतिपत्नींना यात्रेला बोलावलं होतं. आम्ही सगळे सिनेमाला गेलो. तंबूत जमिनीवर बसायचं, समोर कापडाचा पडदा. सिनेमा सुरू झाला. मध्ये नायिका आपल्या आजारी बापाच्या उशाशी बसून अगदी हळू काहीतरी गुणगुणते असा प्रसंग होता. ते गुणगुणणं तंबूच्या शेवटच्या टोकापर्यंत ऐकू आलं. ओरडणं नाही, कर्कशपणा नाही. मी सहज बाजूला पाहिलं. वाघमाऱ्यांची जागा रिकामी होती.

ते पडद्यामागे गेले होते. तिथे एक मोठी लाकडी पेटी होती, तिच्यात स्पीकर. वाघमारे त्या पेटीला कान लावून उकिडवे बसले होते आणि उरलेला सबंध सिनेमा त्यांनी तसाच ऐकला. दुसऱ्या दिवशी ते तिकीट काढून पुन्हा गेले आणि सरळ पडद्यामागे जाऊन बसले. तिसऱ्या खेळाला तंबूच्या मालकाने, तात्यांनी, त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

"काय ओ, पिक्चर पुढून बगायचं सोडून मागं काय करताय? वायरी कापताय का काय?"

"पिक्चर तुमचं तुम्हाला लखलाभ," वाघमारे म्हणाले. "मला तुमची पेटी पायजे."

तात्या हे काळे, किडकिडीत, सतत विडी ओढणारे गृहस्थ. त्यांनी वाघमाऱ्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि म्हणाले, "माझ्याकडं एक जुनी पेटी हाय, मशीनीसकट. नव्या आल्यापासनं पडून हाय. घेऊन जा. पर यात्रा उठंस्तवर रोज खेळाच्या आधी तंबूच्या दारात वाजवायचं. गर्दी खेचायची. कबूल?"

वाघमाऱ्यांनी रजेचा अर्ज माझ्या वडिलांच्या टेबलाशी बसूनच लिहिला.

त्या दुपारी तंबूच्या दारात जुनी पेटी मांडली. शेजारी मशीन, त्यातले व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. वाघमाऱ्यांनी दौंडहून वाकळीत आणलेली गिटार जोडली आणि तारेवर जोरात हात मारला. असला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. ढग फुटल्यासारखा, कडा फाटलेला, पण आतून गोड. पाळण्यातली माणसं पाळणा थांबवायला सांगू लागली. रेवड्यांच्या दुकानावरचा माणूस तराजू हातात घेऊन आला. वाघमारे वाजवत सुटले होते, मिशा थरथरत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. इतकी वर्षं जे निम्मं हरवलं होतं, ते सापडलं होतं. गर्दीने टाळ्यांचा कडकडाट केला.

सुलोचनाबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. नवऱ्याचा तो आनंद बघून त्यांचाही चेहरा उजळला होता. वाघमारे थांबले, धापा टाकत म्हणाले, "सुलू, ये. एक कडवं म्हण."

"नको. तुमचं चाललंय ते झ्याक चाललंय."

"एकच."

तात्यांनी माईक आणून त्याच मशीनला जोडला. त्या पुढे आल्या, पदर सारखा केला आणि गाऊ लागल्या. वाघमाऱ्यांनी गिटार हळू धरली होती, तरी ती मध्येमध्ये त्यांच्या शब्दांवर चढत होती. सुलोचनाबाई गाता गाता थांबल्या. "आवो, एका तव्यावर दोन भाकरी कशा भाजायच्या? एकीचा काठ दुसरीवर चढणारच की."

वाघमारे त्यांच्याकडे बघत राहिले. मग पेटीकडे. मग परत त्यांच्याकडे. आणि तात्यांना म्हणाले, "ही वायर काढा."

"कुठली?"

"माझी."

तात्यांनी गिटारीची वायर काढली. "आता म्हण," वाघमारे बायकोला म्हणाले.

त्या एकट्या गायल्या. नुसता गळा, बाकी काही नाही. पेटीतून त्यांचा आवाज जसाच्या तसा बाहेर आला, आमच्या ओट्यावर यायचा तसा, फक्त यात्रेएवढा मोठा. त्यातला घोगरेपणा, श्वास घेताना होणारा बारीक आवाज, सगळं. पाळण्यापाशी उभ्या असलेल्या बाया वळून बघू लागल्या. एवढी माणसं होती, पण प्रत्येकाला ती बाई आपल्याशीच बोलते आहे असं वाटत असणार. कडवं संपलं तेव्हा वाघमारे मांडीवरच्या गिटारीवर दोन्ही हात ठेवून स्वस्थ बसले होते.

"ही पेटी तिची," ते म्हणाले. "गिटारीचं आपण दुसरं काय तरी बगू."

"आवो, येड लागलं का? इतकी वर्सं हुडकत व्हता ना?" सुलोचनाबाई कळवळून म्हणाल्या.

"हुडकत व्हतो ते हेच," वाघमारे म्हणाले. "आत्ता कळलं."

मी तेव्हा माझ्या स्वभावाबाहेर जाऊन मध्ये तोंड घातलं आणि एसटीत ऐकलेली जात्याची, जाड तारेची गोष्ट सुलोचनाबाईंना तिथल्या तिथे सांगून टाकली. वाघमारे "मास्तरीणबाई, मास्तरीणबाई" करत राहिले. सुलोचनाबाईंनी पदराने नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पुसला. भर यात्रेत, चारचौघांत, त्या काळात. तात्यांनी नवी विडी पेटवली आणि दुसरीकडे बघितलं.

पुढचं सगळं मग भराभर जमलं. गिटारीसाठी घरचाच रेडिओ पुन्हा काढला, पण आता त्यातून वायर काढायची नाही. रेडिओ स्टेजवर ठेवायचा, तो आपला हळू, मऊ वाजेल, आणि त्याच्यापुढे एक माईक ठेवायचा. तो माईक हसनभाईंच्या एकाच भोंग्याला, आणि भोंगा लांब, लिंबाच्या झाडावर. ही कल्पना हसनभाईंचीच. "गार्डसाब, रेडिओ बोलतोय तर त्याला बोलू द्या ना. त्याच्या पोटात हात कशाला घालताय?" रेडिओच्या बटणावर बबनच्या गुडघ्यासाठी एक पत्र्याचं झाकण बसवलं. ढोलकीला माईक द्यायचाच नाही असं ठरलं. बबनला त्याची गरज कधीच नव्हती.

त्या वर्षी भीमजयंतीला दौंडमध्ये आमच्या पार्टीचा कार्यक्रम झाला. मैदान भरलं होतं. निळे झेंडे, पताका, पांढऱ्या साड्यांतल्या बाया, डब्यात भाकरी बांधून आसपासच्या गावांतून आलेली माणसं. मी माईकसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "आता गातील सुलोचना वाघमारे." कोरसमधून उठून त्या पुढे आल्या.

आधी गिटार आली, दुरून लिंबावरून, आणि स्टेजवरच्या रेडिओतून, अगदी खाली. मग तिच्यावर आवाज चढला. एकाने दुसऱ्याला ढकललं नाही. ढोलकी सुरू झाली आणि मला समोरची माणसं हळूहळू पुढे सरकताना दिसली, थंडीत शेकोटीकडे सरकावं तशी. गाण्याचे शब्द शिक्षणाबद्दल होते, एका आईने मुलीला शाळेत घातल्याबद्दल. पुढच्या रांगेतल्या बाया शब्दाशब्दाला माना हलवत होत्या. म्हणजे शब्द पोचत होते. मैदानाच्या टोकाशी, चहाच्या गाडीपलीकडे, एक माणूस हात वर करून उभा होता. ते माझे यजमान होते. कुणीही पाठवलेलं नसताना आपणहून जाऊन उभे राहिले होते.

ते गाणं लोकांनी तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा तर लोकच गात होते आणि सुलोचनाबाई ऐकत होत्या. मी वाघमाऱ्यांकडे झुकून विचारलं, "कसं झालंय?" मला वाटलं, मीठ, पाणी, काहीतरी निघेल. ते म्हणाले, "जेवायच्या वेळी बोलायचं नसतं."

त्यानंतर पार्टीला बोलावणी येतच राहिली. दौंड, शिरूर, पार नगरपर्यंत. शाळा, सुट्ट्या, मुलं यामुळे माझं जाणं कमी होत गेलं. मग त्यांची बदली झाली, भुसावळला, प्रमोशनवर. सामान हलवायच्या दिवशी मी शाळेत होते आणि निरोप नीट झाला नाही.

पण त्यांना मी शेवटचं बघितलं ते त्यानंतर, ती दोघं रजेवर इकडे आली होती तेव्हा, शिरूरच्या एसटी स्टँडवर. मी माहेराहून परत निघाले होते. बघते तर नगरच्या गाडीपाशी गोंधळ चालला होता. तात्यांच्या तंबूतली ती लाकडी पेटी गाडीच्या दारात अडकली होती. बाहेरून वाघमारे ढकलत होते, आतून सुलोचनाबाई ओढत होत्या, आणि कंडक्टर दोघांच्या मध्ये सापडून ओरडत होता, की हे धूड टपावर टाका.

"टपावर?" वाघमारे म्हणाले. "तुमच्या सासूला टपावर बशिवता का?"

पेटी एकदाची आत गेली. मागच्या सीटवर खिडकीजवळ तिला बसवली, शेजारी वाघमारे, पलीकडे सुलोचनाबाई, मांडीवर आडवी गिटार. मी धावत खिडकीपाशी गेले आणि हाक मारली. पेटीमुळे त्यांचा चेहरा काही दिसेना. तिच्या वरून एक हात बाहेर आला आणि जोरजोरात हलू लागला.

"मास्तरीणबाई! संगमनेरला कार्यक्रम हाय! चला की!"

"अहो, माझी गाडी सुटेल!"

"मग सुटू द्या!"

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. गाडी हलली, घोडनदीच्या पुलाकडे वळू लागली. मी शेजारून चार पावलं चालले. आत कंडक्टर त्यांच्यापाशी येऊन उभा राहिला होता. "माणसं दोन आन् सीटा तीन," तो म्हणाला. "ह्या पेटीचं तिकीट काढा."

"आत्ता मुकी हाय ती," सुलोचनाबाईंचा घोगरा आवाज आला. "गायला लागली का काढू."